नाव ठेवा, नाहीतर नावं ठेवली जातील

ड्रम कोअरचे शो रचणाऱ्या समस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण ही तक्रार मराठीतच नीट बसते. आमच्याकडे 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे खोड्या काढणं. फरक एका अनुस्वाराचा. तुम्ही पहिलं काम अर्धवट सोडलंत की स्टँडमधले लोक दुसरं मन लावून करतात. २००७ च्या हंगामात नेमकं तेच झालं. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा व्हॅनगार्ड या कोअरने, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या पथकाने, त्या वर्षीच्या शोला नाव दिलं '!'. बस, एवढंच. अक्षर नाही, आकडा नाही. एक उभा दांडा आणि खाली ठिपका. बरं, हा कोअर काही काल उगवलेला नव्हे. १९६७ पासून उभा आहे, तोवर सहा वेळा ड्रम कोअर इंटरनॅशनलचं (डीसीआय) विजेतेपद घेऊन बसलेला (सातवं २०१८ ला आलं). म्हणजे हे नाव चुकून पडलेलं नव्हतं, विचार करून ठेवलेलं होतं. म्हणूनच त्यावर बोलायला हवं.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पितळी वाद्यं, ड्रम, आणि झेंडे-रायफली-तलवारी फेकणारा कलर गार्ड, अशी दीडशेच्या आसपास तरुण पोरंपोरी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत-धावत वाजवतात. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी यांना प्रवेश नाही. अकरा-बारा मिनिटांचा एकच शो. तो उन्हाळाभर घोटायचा, बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये झोपायचं आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरी. डीसीआय ही संस्था ही स्पर्धा १९७२ पासून घेते.

आता विनोदांचा मुद्दा. 'लोक टवाळी करतात, त्यांना कलेतलं कळत नाही' असं तुमच्यातल्या काहींचं म्हणणं असतं. अहो, ज्या कलेच्या नावातच दोन अक्षरं लिहायची आणि बोलायची नाहीत असा रिवाज आहे, तिथे अख्खं शीर्षकच न बोलता येणारं आल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करणार? लिहायचं 'कॉर्प्स', म्हणायचं 'कोअर'. प आणि स आधीच मुके होते, २००७ ला राहिलेलंही मुकं झालं.

त्यात वर्ष कोणतं होतं तेही बघा. मैदानावर माइक लावायला २००४ पासून परवानगी मिळालेली. ती कॅडेट्स या दुसऱ्या कोअरने सर्वांत हौसेने वापरली आणि २००७ च्या त्यांच्या शोमध्ये तर निवेदन भरपूर. एका बाजूला आपण काय मानतो हे माइकवरून सांगणारा कोअर, दुसऱ्या बाजूला शीर्षकातही तोंड न उघडणारा. दोघे एकाच संध्याकाळी एकाच मैदानावर. हा विनोद कोणाला रचावा लागला नाही, तो वेळापत्रकातच होता.

आमचं म्हणणं एवढंच की चिन्ह जरूर घ्या, पण त्याचं बारसं तुम्हीच करा. आणि चिन्ह घेतलंच आहे तर ते मैदानावर दिसू द्या, ऐकू येऊ द्या. नुसतं शर्टावर छापून भागत नाही.

आधी बारसं. शीर्षकाची पहिली परीक्षा निवेदकाच्या टेबलावर होते. त्याच्या हातातल्या कागदावर कोअरचं नाव, गाव, शोचं नाव, ड्रम मेजरचं, म्हणजे हाताने ताल देणाऱ्या संचालकाचं, नाव एवढं असतं, आणि ते त्याला वीसेक सेकंदांत म्हणायचं असतं. तिथे नुसतं '!' आलं की तो तीनपैकी एक करतो: 'एक्स्क्लमेशन पॉइंट' असं व्याकरणाच्या मास्तरसारखं म्हणतो, शीर्षक गाळूनच टाकतो, किंवा कोअरचं नाव उगाच जोरात ओरडतो. छापखान्यातले आणि संगणकवाले याच चिन्हाला 'बँग' म्हणतात. एका झटक्यात म्हणून होतं. 'बँग' हवं असेल तर तसं कागदावर अक्षरांत लिहून द्या. कार्यक्रम जाहीर करतानाच एक ओळ जोडा: 'उच्चार अमुक.' ही ओळ मे महिन्यात गेली पाहिजे. जूनच्या शेवटी दौरा सुरू झाला की प्रत्येक गावचा निवेदक आपापला उच्चार शोधून काढतो आणि ऑगस्टपर्यंत पाच नावं तयार होतात.

कॅरोलायना क्राउनचं २०१३ चं शीर्षक आठवा. 'ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर'. दिसायला तेही चिन्हांचंच, पण शाळेत गेलेला कोणीही ते वाचतो, आणि सगळे सारखंच वाचतात. त्या शोवर त्यांनी पहिलं विजेतेपद घेतलं; ते शीर्षकामुळे नव्हे हे उघड आहे, पण निवेदक कुठेही अडखळला नाही हेही तितकंच उघड आहे.

दुसरी परीक्षा कीबोर्डवर. शोधयंत्रं एकटं विरामचिन्ह बहुतेक गाळतात, त्यामुळे '!' टाकून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हॅशटॅगमध्ये विरामचिन्ह चालत नाही, तिथेच तुटतो. शीर्षक '?' असतं तर आणखी पंचाईत: विंडोजमध्ये त्या नावाची फाइलच ठेवता येत नाही. '!' ची फाइल होते, पण त्याचा संकेतांक ३३, म्हणजे आकड्यांच्या आणि अक्षरांच्याही आधी. वर्णक्रमाने लावलेल्या कुठल्याही यादीत ते सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसतं. निकालाआधीच पहिला नंबर, हा त्यातला हुकमी विनोद. उपाय साधा: चिन्हाबरोबर अक्षरी नावही अधिकृत करा आणि रेकॉर्डिंगवर, शर्टाच्या पाठीवर, वेळापत्रकात दोन्ही छापा. नाहीतर रसिक आपल्या नेहमीच्या सवयीवर जातात, कोअरचं नाव आणि साल. 'व्हॅनगार्ड ०७' म्हटलं की काम भागतं. शीर्षक गेलं, साल उरलं.

शर्टाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. छातीवर एकटं '!' छापू नका. त्रिकोणात घातलं तर रस्त्यावरची धोक्याची पाटी, आणि घोड्याच्या नालेसारख्या वर्तुळात घातलं तर गाडीच्या डॅशबोर्डवरचा 'टायरमध्ये हवा कमी' दिवा. उन्हाळाभर बसने फिरणाऱ्या संस्थेने हे चिन्ह पाठीवर मिरवावं आणि लोकांनी टायर तपासा म्हणू नये, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

आता मैदान. इथे विनोद बाजूला ठेवतो, कारण खरी चूक इथे होते. '!' ही आकृती ड्रिलच्या, म्हणजे मैदानावर कोणी कुठे उभं राहायचं ते आखायच्या, सॉफ्टवेअरमध्ये वरून पाहिली की देखणी दिसते. स्टँडमधून ती दिसत नाही. कारण हिशेबात आहे.

नेहमीचं पाऊल म्हणजे पाच यार्डांत आठ, साडेबावीस इंच, साधारण ५७ सेंटिमीटर. मैदानाची खोली १६० फूट, म्हणजे सुमारे ८५ पावलं. समजा तुम्ही ठिपका पुढच्या बाजूरेषेपासून आठ पावलं मागे ठेवलात: आठ जणांचं वर्तुळ, दोन-दोन पावलांच्या अंतराने, व्यास पाच पावलं. मग सहा पावलांची मोकळी जागा. मग दांडा: दोन्ही कडांना सोळा-सोळा जण, तेही दोन पावलांच्या अंतराने, लांबी तीस पावलं, खाली निमुळता, मागे रुंद, माथ्यावर दोघे. एकूण ४२ माणसं. पडद्यावर झकास.

आता खालच्या रांगेत बसा. डोळे मैदानापासून सहा मीटर उंच, बाजूरेषेपासून पंधरा मीटर मागे. ठिपक्याच्या मागच्या कडेला उभ्या असलेल्या पोराची उंची हॅटसकट पावणेदोन मीटर धरा. त्याच्या डोक्यावरून जाणारी नजर जमिनीला टेकते ती त्याच्या मागे नऊ मीटरांवर, म्हणजे सोळा पावलांवर. तुमची मोकळी जागा सहाच पावलांची. ती दिसणारच नाही. ठिपका दांड्याला चिकटतो आणि चिन्हाचा नुसता सोटा होतो. बरं, वरच्या मजल्यावर जाऊ. डोळे २५ मीटर उंच, बाजूरेषेपासून ४० मीटर. तिथूनही तोच पोरगा सहा पावलांहून थोडी जास्तच जमीन झाकतो. म्हणजे सहा पावलांची फट तिकिटाचे जास्त पैसे देऊनही दिसत नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत होते. फट बारा पावलांची करा. आणि ठिपक्यातल्यांना एका गुडघ्यावर बसवा. बसलेल्याची उंची एक मीटर दहा धरली तर खालच्या रांगेतून झाकली जाणारी जमीन नऊ पावलांवर येते आणि वरून चारच्या आत. आता खालून तीन पावलांची फट दिसते, वरून आठ. पुरे. मात्र ठिपक्यात ट्यूबा देऊ नका. तेवढं धूड खांद्यावर घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि आठ ठोक्यांत उठून चालायला लागायचं, याने पुढची आकृती उशिरा जुळते. ट्रम्पेट चालतील. त्याहून सोपं म्हणजे ठिपका कलर गार्डला द्या: जमिनीवर पसरलेलं एकच मोठं गोल कापड. त्याच्यामागे काहीच झाकलं जात नाही.

आणखी एक अडचण पन्नास यार्डांच्या रेषेवर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर, आहे. बरोबर तिथेच पुढे ड्रम मेजरचा ओटा आणि त्याच्या दोन्ही अंगांना मरिंबा-व्हायब्राफोन या मोठ्या पट्टीवाद्यांची रांग. खालच्या चार-सहा ओळींना ठिपका त्यांच्या आड जातो. चिन्ह पाच यार्ड बाजूला सरकवा. सममिती बिघडेल म्हणून घाबरू नका. वीस यार्डांच्या रेषेसमोर बसलेल्याला ते तसंही तिरक्या रेघेसारखं दिसत असतं.

पाठीमागच्या स्टँडमधून मात्र काहीही केलंत तरी ते उलटं दिसणार, म्हणजे इंग्रजी लहान 'आय'. गंमत अशी की डेन्व्हरच्या ब्लू नाइट्सने २०१७ ला शोचं शीर्षकच लहान लिपीतलं 'आय' असं एका अक्षराचं ठेवलं. दहा वर्षांच्या अंतराने दोन कोअर एकाच आकृतीच्या दोन बाजूंना उभे. हे आम्ही जुळवलेलं नाही.

आता आवाज. उद्गारचिन्ह वाजवायचं म्हणजे काय? लोकांना वाटतं, जोरात. जोर हा त्याचा सर्वांत स्वस्त भाग. चिन्हाला तीन अवयव आहेत: लांब दांडा, फट, छोटा ठिपका. म्हणजे वाढत जाणारा लांब सूर, मग निखळ शांतता, मग एक आखूड ठोका. आणि पुन्हा, फसतं ते फटीतच. अख्ख्या ब्रासने सूर एकाच क्षणी सोडला नाही तर फटीत आवाजाची शेपटं लोंबतात. सूर कधी सोडायचा तो आकडा प्रत्येकाच्या डोक्यात हवा, 'चौथ्या ठोक्याच्या आसपास' नव्हे तर 'पुढच्या पहिल्या ठोक्यावर', आणि सोडताना घसा आवळायचा नाही. श्वास आत घेऊनच सूर तोडायचा. शिवाय जागा कुठली ते बघा. २००७ ची अंतिम फेरी पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये, उघड्या आभाळाखाली होती, तिथे एका ठोक्याची शांतता पुरली असेल. इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये छप्पर बंद असलं की आवाज घुमत राहतो. तिथे तीच फट तीन ठोक्यांची करावी लागते, नाहीतर ठिपका मागच्या सुराच्या प्रतिध्वनीवर जाऊन आदळतो.

ठिपक्याचं गणित आणखी काटेकोर. मिनिटाला १६० ठोके धरले तर सोळावा स्वर, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, ०.०९४ सेकंदाचा. मैदानाच्या मागच्या बाजूरेषेवरून पुढच्या बाजूरेषेपर्यंत आवाज यायला ०.१४ सेकंद लागतात. म्हणजे पुढचे आणि मागचे दोघेही ड्रम मेजरच्या हाताकडे बघून अगदी अचूक वाजले, तरी ऐकणाऱ्याला ठिपका दीड सोळाव्या स्वराएवढा फाटलेला ऐकू येतो. अचूक वाजवूनच फाटतो, हे नव्या पोरांना पटवायला वेळ लागतो. म्हणून ठिपका वाजवणारे एकाच ठिकाणी, एकमेकांपासून वीस यार्डांच्या आत हवेत. मागे बॅटरी, म्हणजे अंगावर घेऊन चालायच्या ड्रमची तुकडी, ठेवली असेल तर पुढच्यांनी हात न बघता मागून येणारा आवाज ऐकून वाजवायचं. आणि ठिपका बेस ड्रमला देऊ नका. पाच बेस ड्रम एकत्र वाजले की छपराखाली खालचे सूर रेंगाळतात आणि ठिपक्याचा डाग होतो. स्नेअर ड्रमचा एकच रिमशॉट (काठी कातड्यावर आणि कडेवर एकदम मारलेला ठोका), आठ-नऊ जणांचा, कोरडा. त्यात एक जण जरी मागे पडला तरी ते सगळ्यांना कळतं. ठिपक्याची किंमत असते ती तेवढ्यासाठीच.

इलेक्ट्रॉनिक्सला परवानगी आली २००९ ला. म्हणजे २००७ च्या उद्गारचिन्हाला सिंथेसायझरची गडगडाटी मदत मिळालेली नव्हती. जे काही होतं ते फुप्फुसांचं आणि मनगटांचं. आज सँपलरचं एक बटण दाबून स्टँड हादरवता येतं. हादरवू नका. फट भरून निघते आणि मग उरतो नुसता दणका.

आमच्या मते या खेळातलं सर्वांत अस्सल उद्गारचिन्ह ब्रासकडे नाहीच, ते गार्डच्या रायफलीत आहे. ३९ इंची लाकडी रायफल फिरवत वर फेकतात. १६० च्या लयीत चार ठोके हवेत ठेवायची तर दीड सेकंद, म्हणजे हातापासून जवळजवळ पावणेतीन मीटर वर. ती वर जाते तो दांडा. शिखरावर क्षणभर लटकते ती फट. आणि वीस जोड्या हात एकाच क्षणी ती झेलतात तेव्हा लाकडावर तळव्याचा जो 'टप्' येतो, तो ठिपका. तो शेवटच्या रांगेत ऐकू येतो. आणि त्यांपैकी एक रायफल टर्फवर पडली तर तेही ऐकू येतं. व्हॅनगार्डच्याच नव्हे, कुठल्याही शोला '!' नाव द्यायचं असेल तर ते तिथून सुरू व्हावं.

इथे मराठी माणसाला एक आठवण करून द्यायचा मोह होतो. विरामचिन्हं आमच्या भाषेत आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते थॉमस कँडीही लष्करी गृहस्थ, मेजर. त्याआधी मोडीत हात न उचलता मजकूर सरळ पुढे जात असे. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. शिस्तीने पावलं टाकणाऱ्यांना थांब्याची गरज आधी कळते, असं आम्ही त्यातून उगाच काढतो. तुमचा वारसाही सैनिकी बँडचाच, तेव्हा विरामचिन्हांवर तुमचा हक्क नाही असं आम्ही म्हणणार नाही.

बाकी चिन्हांवरही लोकांचे विनोद तयार असतात, तुम्हाला माहीत असलेले बरे. जूनमध्ये निम्म्या कोअरच्या शोचा शेवट मैदानावर उतरलेला नसतो, म्हणून जूनमध्ये सगळ्यांचंच शीर्षक '…'. श्वासाला जागा न ठेवता पानं भरणाऱ्या अरेंजरसाठी, म्हणजे कोअरसाठी संगीत बांधून देणाऱ्यासाठी, एक स्वल्पविराम वर्गणी काढून. दोन शेवट असलेल्या शोला अर्धविराम. आणि गुणपत्रिकेत महत्त्वाचं एकच चिन्ह: दशांशचिन्ह. जनरल इफेक्टला, म्हणजे एकूण परिणामाला, ४०, व्हिज्युअलला ३०, म्युझिकला ३०, आणि शीर्षकासाठी रकाना नाही. २००८ ला फँटम रेजिमेंट ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्स ९८.१००. त्या ठिपक्याच्या उजवीकडे जे होतं त्यावर विजेता ठरला. त्याला कोणी हसलं नाही.

आणि हे विनोद करणारे कोण आहेत तेही बघा. पार्किंग लॉटमध्ये तासभर उन्हात उभं राहून ड्रमलाइनचा सराव ऐकणारे, कोणत्या वर्षी कोणता सोलो कोणत्या यार्डरेषेवर होता हे सांगणारे. ज्यांना फरक पडत नाही ते पॉपकॉर्न आणायला गेलेले असतात. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात पहिल्या कॅम्पला शीर्षकाचा कागद टेबलावर येईल तेव्हा एक करा: टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ते एकदा मोठ्याने वाचायला सांगा. सगळ्यांनी सारखं वाचलं तर छापा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं तर अक्षरी नाव त्याच दिवशी ठरवा, आणि कोणी हसलं तर तो विनोद लिहून ठेवा. जुलैमध्ये तोच परत ऐकायला मिळेल.

आपले,
वरच्या मजल्यावरचे काही मराठी रसिक

ता. क. मेजर कँडींच्या भाषेत '!' ला 'उद्गारचिन्ह' म्हणतात. निवेदकाला जमलं तर हेही चालेल. उच्चाराची ओळ आम्ही लिहून देऊ: 'द्' अर्धा, 'गा' लांब, आणि शेवटी थांबायचं.